आठ नंबरच्या पोराला नेमके कुठे खेळवावे?

गॅलरीतला

आपल्या तालमीच्या फुटबॉल संघातील आठ नंबरविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे. पोराचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात आताच हवा जाऊ नये आणि टीका झालीच तर ती त्याच्या घरापर्यंत पोहोचू नये; पण या हंगामात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ज्यांनी आपले दोन-तीन सामने पाहिले आहेत, त्यांना मी कोणाविषयी बोलतो आहे हे सांगायला नको. प्रशिक्षकांनी त्याला आतापर्यंत डाव्या बगलेत खेळवले, एकदा फॉरवर्डच्या मागे खेळवले आणि एका सामन्यात मधला हाफ, म्हणजे मध्यफळीतला खेळाडू, जायबंदी झाल्यावर शेवटची वीस मिनिटे तिथेही उभे केले. परिणाम असा, की तो चांगला आहे याबद्दल पेठेत दुमत नाही आणि तो कशात चांगला आहे याबद्दल एकमत नाही.

गेल्या रविवारी टायब्रेकरवर हरलो तो सामना आठवा. आपली रचना नेहमीचीच, ४-४-२, म्हणजे मागे चार, मधे चार आणि पुढे दोन. पूर्वार्धात पोरगा आमच्या गॅलरीसमोरच्या रेषेला चिकटून उभा होता आणि मला त्याचा उजवा हात सारखा वर गेलेला दिसत होता. गोली चेंडू हातात घेई, पोरगा हात वर करी, गोली उंच किक मारी आणि चेंडू पोराच्या डोक्यावरून थेट आपल्या उंच परदेशी फॉरवर्डच्या कपाळाकडे जाई. मध्यंतरापर्यंत माझा भडंगाचा पुडा संपला, पण पोराच्या पायाला चेंडू किती वेळा लागला ते मोजायला एका हाताची बोटे पुरली. उत्तरार्धात एकदाच तुटलेला चेंडू मध्यरेषेजवळ त्याच्याकडे आला. त्याने तो थांबवलाच नाही. डाव्या पायाच्या आतल्या बाजूने त्यांच्या दोन बॅकच्या मधून असा सरकवला, की आपला नऊ नंबर गोलीसमोर एकटा उरला. आपला एकमेव गोल तो.

माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे असा पास आहे त्याला गोलपासून लांब ठेवणे म्हणजे सुरी भाकरी थापायला वापरणे आहे. ४-२-३-१ अशी रचना करून त्याला फॉरवर्डच्या मागे, दहा नंबरच्या जागी कायमचे खेळवावे. जाणकारांनी आपले मत कारणांसह सांगावे.

जुना स्टॉपर

गॅलरीतले, पासचे वर्णन अगदी जसेच्या तसे केले आहे. मीही तो पाहिला आणि जागेवरून उठलो. पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. तो पास त्याने कुठून दिला, हे आपणच लिहिले आहे: मध्यरेषेजवळून, आणि तोंड त्यांच्या गोलकडे असताना. दहा नंबरच्या जागी त्याला चेंडू मिळेल तेव्हा त्याची पाठ गोलकडे असेल आणि पाठीला माझ्यासारखा एखादा स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला माणूस, चिकटलेला असेल. मी वीस वर्षे ती जागा खेळलो आहे, म्हणून सांगतो. अंगाने किरकोळ असलेला, पाठमोरा चेंडू घेणारा पोरगा समोर आला की आम्हाला सणासारखे वाटायचे. पहिल्या पाच मिनिटांत एकदा अंगावर गेलो की उरलेला वेळ तो चेंडू मागण्याआधी मलाच शोधायचा.

माझ्या मते त्याला खाली आणावे, आपल्या दोन स्टॉपरच्या पुढे. आंद्रेया पिर्लो तरुणपणी दहा नंबर म्हणूनच ओळखला जात होता. २००१ साली तो उसनवारीवर ब्रेशाला गेला तेव्हा तिथे पुढे रॉबेर्तो बाजो होता, म्हणून प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला बचावफळीच्या पुढे आणून उभे केले. त्याच एप्रिलमध्ये युव्हेंटसविरुद्ध त्याने मागून जो लांब पास दिला आणि बाजोने पळता पळता एका स्पर्शात गोलीला चकवून जो गोल केला, तो नातवाच्या मोबाइलवर मी किमान पन्नास वेळा पाहिला असेन. पुढे मिलानला प्रशिक्षक अँचेलोत्तींनी त्याला त्याच जागी ठेवले आणि २००६ मध्ये तो विश्वविजेता झाला. तो माणूस बदलला नव्हता, त्याची पाठ आणि तोंड यांची दिशा तेवढी बदलली होती.

उडाणटप्पू

स्टॉपरकाकांचा मान राखून एक शंका विचारतो. पिर्लोने एप्रिल-मे महिन्यात उन्हाने तापून कडक झालेल्या मैदानावर गुडघ्याएवढा उसळणारा चेंडू कधी थांबवला होता काय? शिवाय मिलानमध्ये त्याच्या शेजारी धावपळीची आणि अंगाची कामे करायला गट्टुसो होता. आपल्याकडे शेजारी कोण आहे, हे लिहिले तर उद्या मला चहाला कोणी बोलावणार नाही.

भूगोलाच्या बाई

मी गेली अनेक वर्षे महिलांच्या बाजूला बसून सामने पाहते आणि चेंडू लांब असतानाही खेळाडू काय करतात ते पाहायची मला सवय आहे. वर्गात फळ्याकडे पाठ करूनही मागच्या बाकावर काय चालले आहे ते कळावे लागते, त्यातलाच हा प्रकार असेल. या मुलाची एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वी तो दोनदा मान वळवतो, एकदा डाव्या खांद्यावरून आणि एकदा उजव्या. रविवारच्या त्या पासआधीही त्याने असेच केले होते, त्यामुळे चेंडू न थांबवता कुठे द्यायचा हे त्याला आधीच ठाऊक होते.

आता असा मुलगा रेषेला चिकटून उभा केला की त्याच्या एका खांद्याकडे पाहण्यासारखे काय उरते? गॅलरी, हलगीवाला आणि भडंग खाणारे आपण. बगलेत त्याचे अर्धे कौशल्य वाया जाते, एवढे मला खात्रीने म्हणता येईल. पुढे की मागे याबद्दल मात्र माझे मत अजून ठरलेले नाही.

घराशेजारचा

बाईंचे निरीक्षण वाचून हसू आले, कारण त्या मान वळवण्याचे मूळ मला माहीत आहे. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन उंबऱ्यांत जेमतेम एक रिक्षा जाईल एवढे अंतर आहे. पोरगा लहानपणापासून तिथल्याच भिंतीवर चेंडू मारत वाढला. एका बाजूने दूधवाल्याची दुचाकी येते, दुसऱ्या बाजूने गॅसच्या टाक्यांची गाडी येते, आणि चेंडू गाडीखाली गेला तर संध्याकाळपर्यंत नवा मिळत नाही. त्यामुळे भिंतीवरून चेंडू परत यायच्या आत दोन्हीकडे पाहून घ्यायचे, ही सवय त्याला कोणत्याही प्रशिक्षकाने लावलेली नाही. भिंतीवरच्या आमच्या गिलाव्याचे काय झाले, हा विषय वेगळा आहे.

लाल जर्सी

मी मँचेस्टर युनायटेडचा चाहता असल्यामुळे अशा प्रकरणातून मनस्ताप होण्याचा मला अनुभव आहे. कॉबी मेनूचे उदाहरण पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हर्टनविरुद्ध अठराव्या वर्षी तो प्रीमियर लीगमध्ये प्रथमच सुरुवातीपासून खेळला, मधल्या दोघांपैकी एक म्हणून. मे २०२४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल केला आणि आम्ही २-१ असे जिंकलो. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेत तो डेक्लन राइसच्या शेजारी इंग्लंडच्या मध्यफळीत होता आणि अंतिम सामनाही खेळला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी ३-४-२-१ ही रचना आणली. तीत मध्यभागी दोनच माणसे असतात आणि त्यांना पुष्कळ जमीन पळून झाकावी लागते. मग मेनूला पुढच्या दोघांत खेळवून पाहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध तर त्याला चक्क फॉरवर्डच्या जागी उतरवले आणि आम्ही घरच्या मैदानावर ०-२ असे हरलो. त्याच मुलाने दोन महिन्यांनी लियॉनविरुद्ध जादा वेळेच्या अगदी शेवटी, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, गर्दीतून शांतपणे चेंडू वळवून बरोबरीचा गोल केला.

सांगायचे असे, की पाय तेच होते आणि डोकेही तेच होते. बदलली होती ती त्याच्या आजूबाजूची माणसे आणि त्यांच्यातली अंतरे. त्यामुळे स्टॉपरकाका म्हणतात तसे त्याला ४-४-२ मध्येच खाली आणून दोघांतला एक केला, तर तो पिर्लो होण्याऐवजी सामनाभर मागे धावत बसेल, अशी मला भीती वाटते.

उडाणटप्पू

युनायटेडच्या चाहत्याकडून आम्ही डावपेच शिकायचे, असे दिवस कोल्हापूरला आले म्हणायचे.

लाल जर्सी

आम्ही चुका करून शिकलो आहोत. आपण फुकटात शिकत आहात, याचे आभार मानावेत.

पेठेतला

सगळा दोष उंच किकवर टाकला जातो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आपले प्रशिक्षक मूर्ख नाहीत. बाद फेरीचा सामना आहे, समोर वैरी पेठ आहे, आपल्या डीसमोर एखादा पास तुटला तर पुढचे आठ दिवस कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहता येत नाही. उंच किकमध्ये फार तर चेंडू त्यांच्या अर्ध्यात हरवतो. शिवाय आपल्याकडे हवेत चेंडू जिंकणारा परदेशी खेळाडू आहे. त्याला मोबदला देऊन आणायचे आणि मग त्याच्या डोक्याकडे चेंडूच द्यायचा नाही, हेही शहाणपणाचे नाही. तो चेंडू डोक्याने खाली पाडतो, त्या जागी आपला माणूस नसतो, ही खरी अडचण आहे. आठ नंबरला तिथे, म्हणजे फॉरवर्डच्या आसपास ठेवले तर पडणारा चेंडू त्याला मिळेल. या कारणासाठी मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, जरी त्यांचे कारण वेगळे असले तरी.

माजी गोली

गोलीवर इतके बोलणे झाल्यावर मला लिहिणे भाग आहे. मी आपल्या संघाचा नाही, दुसऱ्या पेठेकडून खेळलो. तरी दुखणे सगळ्या गोलींचे एकच आहे.

उंच किक का मारतो? पहिले कारण, लहान पास द्यायला समोर कोणी तयार नसते. गोलकिक मिळाली की दोन्ही स्टॉपर माझ्याकडे पाठ करून मध्यरेषेकडे चालू लागतात, कारण किक उंचच जाणार हे त्यांनी गृहीत धरलेले असते. दोन्ही बॅकही त्यांच्याबरोबर पुढे जातात. मग माझ्यासमोर मोकळे मैदान आणि चेंडू, एवढेच उरते. वास्तविक २०१९ पासून नियम बदलला आहे. पूर्वी गोलकिक डीच्या बाहेर गेल्याशिवाय चेंडू खेळात आला असे मानत नसत. आता किक मारताच चेंडू खेळात येतो, त्यामुळे आपला स्टॉपर डीमध्येच उभा राहून पास घेऊ शकतो आणि किक होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याला डीबाहेर थांबावे लागते. म्हणजे आपल्याला एका श्वासाची उसंत नियमानेच दिलेली आहे. दोन्ही स्टॉपर डीच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले, बॅक रेषेपर्यंत फाकले आणि मध्ये आठ नंबर डीच्या बाहेर थांबला, तर त्यांच्या दोन फॉरवर्डनी नेमके कोणाला अडवायचे? दोघे स्टॉपरकडे गेले तर मधला मोकळा होतो आणि एक जण मधल्याला चिकटला तर एक स्टॉपर चेंडू घेऊन चालत निघतो.

दुसरे कारण लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. मी एकदा सरावात ठरल्याप्रमाणे लहान पास दिला. गॅलरीतून एकच गलका झाला, “मार की, मार की!” स्टॉपरने तो गलका ऐकून घाईने चेंडू परत माझ्याकडे दिला, बॅकपास असल्यामुळे हातात घेता येईना, मीही घाईने मारला आणि तो सरळ रेषेबाहेर गेला. थ्रो त्यांना मिळाला, गोल काही झाला नाही. तरीही रात्री घरी जेवताना वडिलांनी पहिला प्रश्न केला, तो त्या पासचा. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत मी प्रत्येक चेंडू उंचच मारला आणि कोणी एका शब्दाने बोलले नाही. उंच किकचा हिशेब गोलीकडे कोणी मागत नाही, तुटलेल्या लहान पासचा मात्र सगळी पेठ मागते.

म्हणून माझे म्हणणे असे, की आठ नंबर पुढे खेळावा की मागे हे ठरवण्याआधी त्याच्यापर्यंत चेंडू जमिनीवरून कसा पोहोचेल ते ठरवावे. नाहीतर पोरगा कुठेही उभा केला तरी हात वर करूनच उभा राहील.

भूगोलाच्या बाई

“मार की” ओरडणाऱ्यांत मीसुद्धा असते, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

गॅलरीतला

माजी गोलींनी जे लिहिले त्याचा मी विचारच केला नव्हता. हात वर केलेला पोरगा मला दिसत होता, पण दर किकच्या आधी पाठ फिरवून चालू लागणारे आपले स्टॉपर मी एकदाही पाहिले नव्हते.

तरीही माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. मागे नेलेला खेळाडू निर्णायक पासपासून दूर जातो. ज्यूड बेलिंगहॅम डॉर्टमुंडकडे मध्यफळीत खेळत असे. रेआल माद्रिदला गेल्यावर २०२३-२४ च्या हंगामात अँचेलोत्तींनी त्याला पुढे मोकळे सोडले आणि त्याने एकट्या ला लीगामध्ये १९ गोल केले. पिर्लोला मागे ठेवणारे आणि बेलिंगहॅमला पुढे नेणारे प्रशिक्षक एकच होते, याचीही नोंद घ्यावी.

जुना स्टॉपर

नोंद घेतली. पण बेलिंगहॅम सहा फुटांहून उंच आहे आणि त्याच्या अंगावर गेलेला स्टॉपर स्वतःच कोलमडतो. शिवाय तो दहा नंबरच्या जागी पाठ करून उभा राहत नव्हता. मागून पळत येऊन डीमध्ये घुसत होता. आपला आठ नंबर धावण्यात तसा नाही. त्याचा वेग पायांत कमी आणि नजरेत जास्त आहे.

लाल जर्सींचा मुद्दा मात्र मला पटला. ४-४-२ मधल्या दोघांत त्याला टाकू नये. मी मनात धरले होते ते असे, की त्याच्या शेजारी पाच नंबर राहील आणि अंगाची कामे तो करील, पण दोघांना पुरत नाही हे खरे.

गणिताचा मास्तर

दोघांना का पुरत नाही, याचे गणित अगदी सोपे आहे. मोठ्या सामन्यांसाठी प्रमाण मानलेले मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. आपली बगलेतली माणसे पुढे गेली की मधल्या दोघांच्या वाट्याला प्रत्येकी ३४ मीटर रुंदी येते. तिथे तीन माणसे ठेवली तर प्रत्येकाच्या वाट्याला २३ मीटरांहूनही थोडी कमी येते. अकरा मीटरांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण साधारण तेवढ्याच अंतरावरून पेनल्टी मारतात, हे लक्षात घेतले म्हणजे कळेल. चेंडू एका बगलेतून दुसऱ्या बगलेत गेला की दर वेळी तेवढे जास्त पळायचे, तेही दुपारच्या उन्हात.

चेंडू आपल्याकडे असतानाही तिघांचा फायदा आहे. दोघांत एकच रेघ निघते, तिघांत त्रिकोण होतो, म्हणजे चेंडू असलेल्याला कायम दोन वाटा राहतात. म्हणून माझी सूचना ४-३-३ अशी आहे. तिघांत सर्वांत खाली आठ नंबर, त्याच्या उजव्या अंगाला जरा पुढे पाच नंबर आणि डावीकडे पळणारा कोणी तरी. परदेशी फॉरवर्ड मध्यभागी एकटा राहील आणि पेठेतला यांनी म्हटलेला, त्याच्या डोक्यावरून खाली पडणारा चेंडू गोळा करायला पुढचे दोन हाफ असतील.

एकच अडचण आहे. मध्यफळीत माणूस वाढवायचा तर दोन फॉरवर्डपैकी एक कमी करावा लागेल, म्हणजे नऊ नंबरला बगलेत पाठवावे लागेल किंवा बसवावे लागेल.

पेठेतला

मास्तर, नऊ नंबरला बसवणार? तो आपल्या पेठेचा लाडका आहे. सकाळी नावे जाहीर झाली की दुपारी प्रशिक्षकांच्या दारात मंडळी जमतील.

उडाणटप्पू

आणि हलगीवाला त्याचा मावसभाऊ आहे. संघ हरला तरी चालेल, पण हलगी बंद पडून चालणार नाही.

घराशेजारचा

बसवायचे कशाला? नऊ नंबर लहानपणी उजव्या बगलेतूनच खेळत असे. त्याला गोल दिसला पाहिजे एवढेच त्याचे मागणे असते. उजवीकडून आत येताना तो दिसतोच.

लाल जर्सी

बगलेतून मध्ये आणि मध्यातून बगलेत माणसे जातच असतात. बास्टियन श्वाइनश्टायगर बायर्नमध्ये कित्येक हंगाम बगलेत खेळला आणि २००९ मध्ये लुई व्हॅन गाल आल्यावर मध्यभागी कायमचा स्थिरावला. २०१४ चा विश्वचषक अंतिम सामना तो मध्यफळीत खेळला आणि जिंकला.

शिट्टीवाला

मी पंच म्हणून काही वर्षे काम केले आहे आणि आता बाहेरगावी असतो. पोराच्या पुढच्या वाटचालीच्या दृष्टीने एक मुद्दा मांडतो. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीवीर म्हणून खेळला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र व्यावसायिक क्लबांत काय घडते ते पाहा. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये मधला फॉरवर्ड आणि त्याच्या मागचा दहा नंबर या जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूंना देतात, आणि भारतीय आघाडीवीराला पुष्कळदा बगलेत जागा शोधावी लागते. याउलट बचावफळीच्या पुढची जागा भारतीय मुलाला मिळू शकते. त्याच २०१७ च्या संघातील जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध दिल्लीत कॉर्नरवर डोक्याने गोल केला. विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. करणारा फॉरवर्ड नव्हता, खालच्या बाजूचा मध्यरक्षक होता आणि पुढे वरिष्ठ भारतीय संघातही तो त्याच जागी खेळला.

उद्या संतोष करंडकाच्या, म्हणजे राज्याच्या संघाच्या, निवडीसाठी पोरगा गेला, तर तिथे “डावा बगलवीर, कधी कधी दहा नंबर” अशी ओळख सांगणारे पन्नास जण रांगेत असतील. खालून खेळ सुरू करणारा डावखुरा मध्यरक्षक मात्र दुर्मीळ आहे.

जुना स्टॉपर

शिट्टीवाले, हा मुद्दा लाखमोलाचा आहे. फक्त एक सावधगिरी सांगून ठेवतो. खाली खेळणाऱ्याचे निम्मे काम चेंडू आपल्याकडे नसताना असते, आणि ते आपल्या पोराला अजून येत नाही. त्याने चेंडूकडे धावत सुटू नये. त्यांच्या फॉरवर्डच्या आणि चेंडूच्या मधल्या रेषेत उभे राहावे, म्हणजे पासच जाणार नाही आणि अंगावर जायची वेळच येणार नाही. किरकोळ अंगाच्या माणसाला हे जमते, कारण यात ताकद लागत नाही, आळस सोडावा लागतो. महिनाभर रोज अर्धा तास मी स्वतः शिकवायला तयार आहे, प्रशिक्षकांची हरकत नसेल तर.

आणि दुसरे म्हणजे, तिथे खेळताना त्याच्याकडून पहिली मोठी चूक होणारच, आणि ती गोल देणारीच असेल. त्या चुकीनंतर गोली पुढचा चेंडू कोणाला देतो, यावर त्याची जागा ठरेल.

गॅलरीतला

चार दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. आज सकाळी साडेसहाला सरावाचा सामना होता, पहिला संघ विरुद्ध राखीव. कोणी कोणाच्या कानावर काय घातले ते मला माहीत नाही, पण प्रशिक्षकांनी मधे तीन माणसे ठेवली आणि आठ नंबर तिघांत सर्वांत खाली होता. नऊ नंबर उजव्या बगलेत होता आणि त्याचे तोंड कडू औषध घेतल्यासारखे झाले होते. स्टॉपरकाका कठड्यावर बसले होते.

दहाव्या मिनिटाला गोलीने लहान पास दिला. पोराने मान वळवून पाहिले होते, सगळे ठीक केले होते, पण चेंडू मातीच्या ढेकळावर उडाला आणि त्याच्या तळव्याखालून सटकला. राखीव संघाचा फॉरवर्ड पुढ्यातच होता, गोल. कठड्यावरून कोणी तरी म्हणाले, “झालं समाधान?” काका काही बोलले नाहीत. ते पोराकडे पाहतच नव्हते, गोलीकडे पाहत होते.

थोड्या वेळाने गोलकिक मिळाली. दोन्ही स्टॉपर मध्यरेषेकडे निघाले होते. प्रशिक्षकांनी नुसता हात दाखवला, तसे ते वळून डीच्या कोपऱ्यांत आले. “मार की” अशी एक आरोळी आलीच. गोलीने एकदा आरोळीच्या दिशेने पाहिले आणि चेंडू पुन्हा आठ नंबरला दिला. या वेळी पोराने तो पुढच्या पायावर न घेता मागच्या पायावर घेतला, त्यामुळे चेंडूबरोबरच त्याचे अंगही वळले, आणि समोर सगळे मैदान उघडे होते. तिथून त्याने तिरका लांब पास नऊ नंबरच्या पायात टाकला. गोल झाला नाही, बॅकने चेंडू थ्रोसाठी बाहेर काढला. पण नऊ नंबरने जाताना आठ नंबरकडे बघून अंगठा दाखवला, आणि ते औषधाचे तोंड जरा सैल झाले.

शेवटच्या काही मिनिटांत प्रशिक्षकांनी त्याला दहा नंबरच्या जागीही पाठवून पाहिले. त्याला दोनदा पाठमोरा चेंडू मिळाला आणि दोन्ही वेळा पोरगा खाली पडला. काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मी भडंगाच्या पुड्यात डोके घातले.

माजी गोली

आपल्या गोलीला माझा निरोप सांगा, की दुसरा पास देणे सर्वांत अवघड असते आणि त्याने तो दिला. रविवारी चारच्या सामन्याला मी येतो आहे आणि गोलच्या मागच्या बाजूला बसणार आहे. पहिल्या चार गोलकिक होईपर्यंत गॅलरीतून कोणी “मार की” ओरडू नये, एवढीच विनंती आहे.

भूगोलाच्या बाई

तीनपर्यंत मी नक्की गप्प बसेन.